अकरा लाइन, दहा बदल: लंडनच्या ट्यूबमध्ये जास्तीत जास्त गाड्या बदलत जाण्याचा प्रवास कसा आखायचा

प्रवासाचं कुठलंही ॲप उघडा, ते तुम्हाला कमीत कमी बदलांचा रस्ता दाखवतं. लेस्टर स्क्वेअरहून फॅरिंग्डनला जायचं म्हटलं तर एका बदलात पोचवतं. इथे आपल्याला नेमकं उलटं करायचं आहे: तेवढ्याच अंतरात दहा वेळा गाडी बदलायची आणि ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, अकराच्या अकरा लाइनवर बसायचं. ॲपमध्ये ‘जास्तीत जास्त बदल’ असं बटण नसतं, त्यामुळे हा प्रवास हातानेच आखावा लागतो. पहिल्यांदा आखणारे नकाशावर सुंदर दिसणारा मार्ग काढतात आणि तो वेस्टमिन्स्टरच्या सरकत्या जिन्यावर नाहीतर लिव्हरपूल स्ट्रीटच्या फलाटावर फसतो. तो का फसतो आणि कसा फसू द्यायचा नाही, ते क्रमाने पाहू.

१. आधी नियम ठरवा

लंडन अंडरग्राउंडची स्थानकं २७२ आणि लाइन ११: बेकरलू (तपकिरी), सेंट्रल (लाल), सर्कल (पिवळी), डिस्ट्रिक्ट (हिरवी), हॅमरस्मिथ अँड सिटी (गुलाबी), जुबिली (राखाडी), मेट्रोपॉलिटन (जांभळी), नॉर्दर्न (काळी), पिकॅडिली (गडद निळी), व्हिक्टोरिया (फिकट निळी) आणि वॉटर्लू अँड सिटी (पिरोजी). नकाशावर याशिवाय एलिझाबेथ लाइन, डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे), ओव्हरग्राउंडच्या सहा लाइन आणि ट्राम दिसतात. त्या एकाच तिकिटावर चालत असल्या तरी ‘अंडरग्राउंड’ नाहीत. त्यांना मोजायचं की नाही हे निघण्यापूर्वी ठरवा. वाटेत ठरवू लागलात तर सोबत आलेल्या मंडळींशी वाद नक्की.

खेळ तीन प्रकारे खेळता येतो.

पहिला प्रकार: प्रत्येक लाइन एकदाच आणि एकही सोडायची नाही. बदल बरोबर दहा.

दुसरा: लाइन पुन्हा घेतली तरी चालेल, पण तेच स्थानक पुन्हा नको. इथे बदलांचा आकडा फुगतो.

तिसरा: सुरुवात आणि शेवट ठरलेला, उदाहरणार्थ घर ते ऑफिस. त्यामध्ये जमतील तेवढे बदल करायचे.

नवख्याने पहिल्यापासूनच सुरुवात करावी. तो तासा-दीड तासात आटोपतो, आणि कुठली स्थानकं पायांना जड आहेत हेही त्यात कळतं.

बदल मोजताना आणखी एक भेद पाळा. एकाच फलाटावर उतरून मागच्या वेगळ्या लाइनच्या गाडीत बसणं म्हणजे ‘फलाटावरचा बदल’. जिने, बोगदे, सरकते जिने ओलांडून दुसऱ्या फलाटावर जाणं म्हणजे ‘पायऱ्यांचा बदल’. दोन्ही मोजायला हरकत नाही, पण वेगवेगळे मोजा. नुसते फलाटावरचे बदल करून ‘सत्तावीस केले’ म्हणणाऱ्याला जाणकार फारसा भाव देत नाहीत. हे सत्तावीस येतात कुठून, ते सहाव्या पायरीत पाहू.

२. सोबत काय हवं

- कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड, फोनमधलं कार्ड किंवा ऑयस्टर (लंडनचं प्रवासी) कार्ड. यांपैकी एकच, आणि आत शिरताना जे लावलं तेच बाहेर पडताना. तेच बँक खातं असलं तरी प्लॅस्टिकचं कार्ड आणि फोन ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं असतात. आत शिरताना फोन आणि निघताना कार्ड लावलंत, तर दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागतं.
- स्थानकात फुकट मिळणारा खिशातला छापील नकाशा आणि पेन्सिल. फोनवरच्या नकाशावर खुणा करत बसलात तर गाडी निघून जाते.
- प्रत्येक टप्प्याची दिशा लिहिलेली चिठ्ठी. का, ते पाचव्या पायरीत.
- पाण्याची बाटली. सेंट्रल, बेकरलू यांसारख्या खोल लाइनवर वातानुकूलन नाही आणि उन्हाळ्यात बोगदा चांगलाच तापतो.
- पायात सवयीचे बूट. नवे नकोत.

स्वच्छतागृहं बहुतेक ठिकाणी गेटच्या बाहेर असतात, तेव्हा निघण्यापूर्वीच उरकून घ्या.

व्हीलचेअर किंवा बाबागाडी सोबत असेल तर पुढचा मार्ग चालणार नाही. लेस्टर स्क्वेअर, पिकॅडिली सर्कस, ऑक्सफर्ड सर्कस आणि एम्बँकमेंट इथे फलाटापर्यंत लिफ्टची सोय नाही. पायऱ्यांविना जाता येणारी स्थानकं दाखवणारा वेगळा नकाशा टीएफएल (ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, शहराची वाहतूक चालवणारी संस्था) काढतं. तो घेऊन आखणी नव्याने करा.

३. दिवस आणि वेळ

सगळ्यात जास्त बेत इथेच कोसळतात. वॉटर्लू अँड सिटी लाइनला दोनच स्थानकं, वॉटर्लू आणि बँक. ही गाडी ऑफिसला जाणाऱ्यांसाठी आहे. ती सोमवार ते शुक्रवारच धावते. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला बंद. म्हणजे अकरा लाइनचा प्रवास फक्त कामाच्या दिवशी होतो.

कामाच्या दिवशी ६.३० ते ९.३० आणि १६.०० ते १९.०० या वेळा टाळा. भाडं तेव्हा जास्त असतंच, शिवाय गर्दीत बदलाचे बोगदे तुंबतात आणि काही स्थानकांवर आत सोडणंही थोडा वेळ थांबवतात. सकाळी १० ते दुपारी ३ हा उत्तम काळ.

आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी दहा मिनिटं टीएफएलच्या साइटवर लाइनची स्थिती पाहा. सर्कल लाइनवर ‘मायनर डिलेज’ दिसलं तर पुढच्या मार्गाचा शेवटचा भाग रेंगाळेल, एवढं गृहीत धरा.

शनिवार-रविवारीच वेळ असेल तर दहा लाइन आणि नऊ बदलांवर समाधान माना. मार्ग असा: पिकॅडिलीने लेस्टर स्क्वेअर ते पिकॅडिली सर्कस, बेकरलूने ऑक्सफर्ड सर्कस, सेंट्रलने बाँड स्ट्रीट, जुबिलीने ग्रीन पार्क, व्हिक्टोरिया लाइनने व्हिक्टोरिया, तिथून डिस्ट्रिक्टने आठ टप्पे पूर्वेला मॉन्युमेंट. मॉन्युमेंट आणि बँक ही आतून जोडलेली स्थानकं आहेत, तेव्हा चालत बँकेच्या बाजूला जाऊन नॉर्दर्नने मूरगेट. पुढे मेट्रोपॉलिटनने बार्बिकन, सर्कलने फॅरिंग्डन, हॅमरस्मिथ अँड सिटीने किंग्ज क्रॉस. एकूण १७ टप्पे. मात्र शनिवार-रविवार दुरुस्तीच्या कामांचेही दिवस असतात, त्यामुळे यातली एखादी लाइन बंद असू शकते.

४. अडचणीच्या लाइनपासून आखणी सुरू करा

नवखा माणूस सुरुवातीच्या स्थानकापासून पुढे आखत जातो आणि नवव्या-दहाव्या लाइनला अडकतो. आखणी जिथे पर्याय सगळ्यात कमी तिथून सुरू करायची असते.

वॉटर्लू अँड सिटीला पर्याय जवळपास नाहीतच. वॉटर्लूच्या टोकाला तिला भेटतात बेकरलू, जुबिली आणि नॉर्दर्न. बँकेच्या टोकाला सेंट्रल, नॉर्दर्न आणि मॉन्युमेंटमार्गे सर्कल व डिस्ट्रिक्ट. म्हणून कागदाच्या मधोमध ‘वॉटर्लू–बँक’ लिहा आणि दोन्ही बाजूंनी मार्ग वाढवा.

दुसरी अडचण मेट्रोपॉलिटन. शहराच्या मध्यभागात ती फक्त बेकर स्ट्रीट ते ऑल्डगेट एवढ्याच पट्ट्यात आहे. हॅमरस्मिथ अँड सिटी आणि सर्कल याच पट्ट्यातले बरेचसे रूळ तिच्यासोबत वापरतात. या तिन्ही लाइन एकत्र बांधून एका टोकाला टाका. बँकेहून हा पट्टा एका टप्प्यावर आहे, म्हणून त्यांना शेवटी ठेवणं सोयीचं.

तिसरी व्हिक्टोरिया. तिच्या एकमेकींना लागून असलेल्या आणि दुसऱ्या लाइनही देणाऱ्या स्थानकांच्या जोड्या थोड्या आहेत: व्हिक्टोरिया–ग्रीन पार्क, ग्रीन पार्क–ऑक्सफर्ड सर्कस, ऑक्सफर्ड सर्कस–वॉरन स्ट्रीट, वॉरन स्ट्रीट–यूस्टन, यूस्टन–किंग्ज क्रॉस. यातली एक निवडा. उरलेल्या लाइन मोकळ्या जागांत आपोआप बसतात.

असं आखलं की हा मार्ग हाती येतो:

१) पिकॅडिली: लेस्टर स्क्वेअर → पिकॅडिली सर्कस
२) बेकरलू: पिकॅडिली सर्कस → ऑक्सफर्ड सर्कस
३) व्हिक्टोरिया: ऑक्सफर्ड सर्कस → ग्रीन पार्क
४) जुबिली: ग्रीन पार्क → वेस्टमिन्स्टर
५) डिस्ट्रिक्ट: वेस्टमिन्स्टर → एम्बँकमेंट
६) नॉर्दर्न: एम्बँकमेंट → वॉटर्लू
७) वॉटर्लू अँड सिटी: वॉटर्लू → बँक
८) सेंट्रल: बँक → लिव्हरपूल स्ट्रीट
९) मेट्रोपॉलिटन: लिव्हरपूल स्ट्रीट → मूरगेट
१०) सर्कल: मूरगेट → बार्बिकन
११) हॅमरस्मिथ अँड सिटी: बार्बिकन → फॅरिंग्डन

अकरा लाइन, अकरा टप्पे, बारा स्थानकं, एकही स्थानक दुसऱ्यांदा नाही. प्रत्येक लाइनवर निदान एक टप्पा तरी बसावंच लागतं, त्यामुळे यापेक्षा कमी टप्प्यांत अकरा लाइन होणं शक्यच नाही. पहिले आठ बदल पायऱ्यांचे, शेवटचे दोन फलाटावरचे. सगळा प्रवास पहिल्या झोनमध्ये, म्हणजे भाड्याच्या हिशेबाने शहराच्या मध्यभागातच.

सुरुवात दुसरीकडून करायची असेल तर क्रम हलवावा लागतो. महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिल भागात आहे, म्हणजे जुबिली लाइनवर. तिथून निघायचं तर जुबिली पहिलीच खर्ची पडते आणि वरची साखळी तुटते. मग असं जा: जुबिलीने डॉलिस हिल ते बाँड स्ट्रीट, सेंट्रलने ऑक्सफर्ड सर्कस, व्हिक्टोरियाने ग्रीन पार्क, पिकॅडिलीने पिकॅडिली सर्कस, बेकरलूने दोन टप्पे एम्बँकमेंट, नॉर्दर्नने वॉटर्लू, वॉटर्लू अँड सिटीने बँक, चालत मॉन्युमेंट, डिस्ट्रिक्टने दोन टप्पे ऑल्डगेट ईस्ट, हॅमरस्मिथ अँड सिटीने लिव्हरपूल स्ट्रीट, मेट्रोपॉलिटनने मूरगेट, सर्कलने बार्बिकन. इथेही अकरा लाइन होतात. सेंट्रल आधी वापरून टाकल्यामुळे बँकेहून पुढे डिस्ट्रिक्टचा वळसा घ्यावा लागला, एवढाच फरक. अर्थात मंडळातला शनिवार-रविवारचा कार्यक्रम आटोपून हे करू म्हणाल, तर तिसरी पायरी पुन्हा वाचा.

५. टप्प्याटप्प्याने काय चुकतं

सर्वांत आधी दिशा. लंडनच्या बदलाच्या बोगद्यात पाट्या ‘नॉर्थबाउंड’, ‘वेस्टबाउंड’ अशा असतात आणि त्याखाली पुढच्या स्थानकांची यादी. मुंबईकराला शेवटच्या स्थानकाचं नाव शोधायची सवय असते, विरार की बोरिवली. इथे फलाटाच्या तोंडाशी असलेल्या यादीत आपलं पुढचं स्थानक आहे का, एवढंच पाहायचं. चिठ्ठीवर ते स्थानकच लिहून ठेवा.

*पिकॅडिली सर्कस.* लेस्टर स्क्वेअरहून वेस्टबाउंड पिकॅडिली घेतली की एका टप्प्यात इथे. बेकरलूच्या नॉर्थबाउंड फलाटाकडे जाताना गेटकडे जाणारा सरकता जिना पकडू नका. ‘वे आउट’ लिहिलेली पिवळी पाटी दिसली की आपण चुकीच्या वाटेवर आहोत असं समजावं. हे सगळ्या स्थानकांना लागू.

*ऑक्सफर्ड सर्कस.* इथे बेकरलू आणि व्हिक्टोरिया यांचे फलाट शेजारी-शेजारी आहेत, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरंही आहे, पण एकाच दिशेपुरतं: नॉर्थबाउंडच्या शेजारी नॉर्थबाउंड. आपण नॉर्थबाउंड बेकरलूने येतो आणि आपल्याला हवी साउथबाउंड व्हिक्टोरिया, ब्रिक्स्टनकडे जाणारी. समोर उभ्या असलेल्या गाडीत घाईने चढलात तर वॉरन स्ट्रीटला पोचाल. समोरची गाडी सोडा, पाट्या पाहत दुसऱ्या बाजूला जा.

(यूस्टनला याच्या उलट गंमत आहे. तिथे नॉर्थबाउंड व्हिक्टोरियाच्या शेजारी नॉर्दर्नच्या बँक स्थानकामार्गे जाणाऱ्या शाखेचा साउथबाउंड फलाट येतो, कारण दोन्हींचं पुढचं स्थानक किंग्ज क्रॉसच आहे. स्वतःचा मार्ग आखताना हे लक्षात ठेवा.)

*ग्रीन पार्क.* व्हिक्टोरियाहून जुबिलीकडे जाणं त्यातल्या त्यात सोपं. पिकॅडिलीकडचा बोगदा मात्र लांबलचक आहे. डॉलिस हिलच्या मार्गात तो वाट्याला येतोच. तिथे पाच मिनिटं जास्त धरा.

*वेस्टमिन्स्टर.* नकाशावर जुबिली आणि डिस्ट्रिक्ट एका गोलात भेटतात. प्रत्यक्षात जुबिलीचे दोन फलाट एकावर एक, जमिनीखाली खूप खोल आहेत आणि डिस्ट्रिक्ट-सर्कल जमिनीलगत. १९९९ मध्ये जुबिली इथवर आली तेव्हा बांधलेल्या त्या प्रचंड काँक्रीटच्या खड्ड्यातून सरकत्या जिन्यांनी वर चढत जायचं. या लाइनचा हा नवा तुकडा ओळखायची खूण म्हणजे फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे. ते ग्रीन पार्कला नाहीत, वेस्टमिन्स्टरपासून सुरू होतात.

वर आल्यावर खरा सापळा. ईस्टबाउंड फलाटावर डिस्ट्रिक्ट आणि सर्कल दोन्ही येतात आणि दोन्ही एम्बँकमेंटला थांबतात. सर्कल आधी आली म्हणून तीत बसलात, तर डिस्ट्रिक्ट राहून जाते, कारण पुढच्या मार्गात डिस्ट्रिक्ट कुठेच भेटत नाही. सर्कल सोडायची म्हणजे सोडायची. अपमिन्स्टर, बार्किंग, टॉवर हिल अशी नावं असलेली गाडी डिस्ट्रिक्टची.

*एम्बँकमेंट.* इथून वॉटर्लूला बेकरलूही जाते आणि नॉर्दर्नही. बेकरलू झालेली आहे, तेव्हा काळ्या रंगाची पाटी धरा. साउथबाउंड नॉर्दर्न कुठल्याही टोकाची असो, वॉटर्लूला जातेच. थोडा वेळ असेल तर याच लाइनच्या नॉर्थबाउंड फलाटावर डोकावून या. तिथली ‘माइंड द गॅप’ ही सूचना अजून ओसवल्ड लॉरेन्स या दिवंगत नटाच्या आवाजात वाजते. ती एकदा बंद झाली होती. त्यांच्या पत्नीने विनंती केल्यावर २०१३ मध्ये पुन्हा लावली. बदलांच्या हिशेबात याला शून्य गुण, पण ऐकावं.

*वॉटर्लू.* नॉर्दर्नहून वॉटर्लू अँड सिटीकडे बरंच चालावं लागतं. पिरोजी रंगाची पट्टी आणि ‘बँक’ हे नाव शोधत राहा. ही १८९८ सालची लाइन. १९९४ पर्यंत ती अंडरग्राउंडकडे नव्हती, रेल्वेकडे होती, त्यामुळे स्थानकाच्या आत ती अजूनही पाहुण्यासारखी एका बाजूला आहे.

*बँक.* उतरल्यावर डीएलआर, नॉर्दर्न, मॉन्युमेंट अशा भरपूर पाट्या. आपल्याला लाल पट्टी, सेंट्रल, ईस्टबाउंड. इथला सेंट्रलचा फलाट जोरात वळलेला आहे आणि डबा व फलाट यांच्यात मोठी फट राहते. चढताना पायाखाली पाहा.

*लिव्हरपूल स्ट्रीट ते फॅरिंग्डन.* सेंट्रलहून वर येऊन वेस्टबाउंड फलाट गाठा. एलिझाबेथ लाइनच्या जांभळ्या पाट्यांमागे जाऊ नका. तिचा रंग मेट्रोपॉलिटनच्या रंगाशी घोळ घालतो आणि तिचे फलाट फार खोल आहेत.

आता तीन लाइन, तीन टप्पे, एकच फलाट. वरच्या यादीत मेट्रोपॉलिटन, सर्कल, हॅमरस्मिथ असा क्रम दिला आहे, पण तो पाळायची गरज नाही. तिन्ही गाड्या चारही स्थानकांवर थांबतात, त्यामुळे जी आधी येईल ती घ्या. मूरगेटला उतरून उरलेल्या दोघींपैकी जी आधी येईल ती, आणि बार्बिकनला शेवटची. सर्कल आणि हॅमरस्मिथ अँड सिटी साधारण दहा मिनिटांनी एक अशा येतात. क्रम धरून बसलात तर वीस मिनिटं सहज जातात.

इथे मोठी चूक होते ती अशी: या दिशेला सर्कलच्या गाडीचं शेवटचं स्थानक हॅमरस्मिथ आणि हॅमरस्मिथ अँड सिटीचंही हॅमरस्मिथच. २००९ पासून सर्कल लाइन पूर्ण वर्तुळ राहिलेली नाही. ती एजवेअर रोडहून निघून फेरा मारते आणि पुन्हा एजवेअर रोडवरून हॅमरस्मिथला जाऊन संपते. म्हणून फलाटावरच्या फलकात स्थानकाचं नाव नव्हे, लाइनचं नाव वाचा. मेट्रोपॉलिटन ओळखणं सोपं: आठ डबे आणि आत काही आसनं आडवी, समोरासमोर. बाकी दोघींना सात डबे आणि सगळी आसनं खिडकीला पाठ लावून. या तिन्ही लाइनच्या गाड्या आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळ्या असतात. चालत्या गाडीत पुढे-मागे सरकून बाहेर पडायची जागा गाठता येते. खोल लाइनवर ती सोय नाही.

६. आकडा वाढवायचा असेल तर

दुसऱ्या प्रकारात म्हणजे लाइन पुन्हा घेण्याची मुभा असताना, दोन लाइन जिथे एकाच फलाटावरून धावतात ते पट्टे शोधा. तिथे प्रत्येक स्थानकावर उतरून बदल करता येतो.

हॅमरस्मिथ ते एजवेअर रोड: सर्कल आणि हॅमरस्मिथ अँड सिटी, ९ टप्पे. बेकर स्ट्रीट ते लिव्हरपूल स्ट्रीट: तीन लाइन, ७ टप्पे. ग्लॉस्टर रोड ते टॉवर हिल: सर्कल आणि डिस्ट्रिक्ट, १२ टप्पे. ऑल्डगेट ईस्ट ते बार्किंग: डिस्ट्रिक्ट आणि हॅमरस्मिथ अँड सिटी, १० टप्पे. रेनर्स लेन ते अक्सब्रिज: मेट्रोपॉलिटन आणि पिकॅडिली, ६ टप्पे.

यातले तीन पट्टे जोडून हॅमरस्मिथ ते बार्किंग गेलात तर २८ टप्पे आणि २७ बदल होतात, एकही जिना न चढता. लिव्हरपूल स्ट्रीट ते ऑल्डगेट ईस्ट या एका टप्प्यात फक्त हॅमरस्मिथ अँड सिटी आहे. त्यामुळे त्याच्या आधीचा टप्पा सर्कल किंवा मेट्रोपॉलिटनने आणि नंतरचा डिस्ट्रिक्टने आखा, नाहीतर तिथे एक बदल गळतो. दर बदलाला सरासरी पाच मिनिटं थांबणं धरलं तर नुसतं थांबण्यातच सव्वादोन तास जातात. खरं सांगायचं तर हा कंटाळवाणा विक्रम आहे, पण पावसाळी दुपारी काहींना आवडतो.

आणखी दोन फसवी ठिकाणं. टर्नहॅम ग्रीनला डिस्ट्रिक्ट आणि पिकॅडिली दोन्ही नकाशावर दिसतात, पण पिकॅडिली तिथे फक्त पहाटे आणि रात्री उशिरा थांबते. आणि एजवेअर रोड, हॅमरस्मिथ या नावांची प्रत्येकी दोन स्थानकं आहेत. एजवेअर रोडचं बेकरलूचं स्थानक वेगळं, सर्कल-डिस्ट्रिक्टचं वेगळं; मधे रस्ता. दादरला पश्चिमेहून मध्यला जाताना पूल तरी असतो, इथे गेटबाहेर पडून सिग्नल ओलांडावा लागतो. असा बदल मोजायचा का, तो तुमच्या नियमांचा प्रश्न.

७. पैसे आणि मुदत

भाडं बदलांच्या संख्येवर ठरत नाही, कुठे आत शिरलात, कुठे बाहेर पडलात आणि कुठले झोन लागले यावर ठरतं. म्हणून वरचा अकरा लाइनचा प्रवास पहिल्या झोनच्या एका साध्या भाड्यात होतो. पण एका अटीवर.

प्रत्येक प्रवासाला कमाल वेळ ठरलेली असते. ती झोनांच्या संख्येवर आणि दिवस-वेळेवर अवलंबून असते. ती ओलांडली की यंत्र तुमचा एक प्रवास दोन अर्धवट प्रवासांत मोडतं आणि कमाल भाडं दोनदा लावतं. दिवसभराच्या एकूण भाड्याला जी वरची मर्यादा असते, तीतही अशी कमाल भाडी धरली जात नाहीत. निघण्यापूर्वी टीएफएलच्या साइटवर तुमच्या झोनांची सध्याची मुदत पाहून चिठ्ठीवर लिहा.

आता वेळेचा अंदाज. गाडीतले अकरा टप्पे, प्रत्येकी सुमारे दोन मिनिटं. वॉटर्लू अँड सिटीला थोडी जास्त. म्हणजे २५ मिनिटं. पायऱ्यांचे आठ बदल, प्रत्येकी चार ते पाच मिनिटं, म्हणजे ३२ ते ४०. गाडीची वाट पाहण्यात १५ ते २०. एकूण सव्वा ते दीड तास. रमतगमत फोटो काढत गेलात तर मुदत हुकेल. बँकेला पोचेपर्यंतच तास उलटून गेला असेल तर तिथे गेटबाहेर पडा, चहा घ्या आणि पुन्हा कार्ड लावून आत या. दोन साधी भाडी दोन कमाल भाड्यांपेक्षा खूपच स्वस्त. फक्त काही स्थानकांवर बाहेर पडून लगेच आत आलं तर यंत्र तो एकच प्रवास धरतं, म्हणून घाई करू नका. चहा खरंच घ्या.

हॅमरस्मिथ–बार्किंगसारख्या लांबच्या खेळात तर मधे बाहेर पडणं आखणीतच धरा, दोनदा तरी.

वाटेतल्या काही स्थानकांवर गुलाबी रंगाचं कार्ड-यंत्र दिसतं. ते पहिला झोन टाळून गेलेल्यांसाठी आहे. आपण त्याच झोनमध्ये फिरतोय, तेव्हा त्याला हात लावू नका. आणि कर्मचाऱ्याने हटकलं तर सरळ सांगा की सगळ्या लाइनवरून जातोय. ही मंडळी असले प्रवासी ओळखून असतात, आणि पुढच्या फलाटाचा जवळचा रस्ता त्यांच्याइतका अचूक कुठलंच ॲप सांगत नाही.